चाकोरीची निगा : अँकरेजचे किनकेड पार्क

अलास्कातील अँकरेज शहराच्या पश्चिम टोकाला, कुक खाडीत शिरलेल्या भूशिरावर किनकेड पार्क आहे. महापालिकेच्या या उद्यानाचा विस्तार सुमारे १,५०० एकर. उत्तरेला शहराचा आंतरराष्ट्रीय विमानतळ, पश्चिमेला आणि दक्षिणेला खाडीचे पाणी, आणि मध्ये हिमनद्यांनी मागे टाकलेल्या दगडमातीच्या टेकड्यांवर वाढलेले बर्च-स्प्रूसचे जंगल. हिवाळ्यात या जंगलातून क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या सुमारे ६० किलोमीटर वाटा तयार ठेवल्या जातात. फाटकावर तिकीट नाही, पावती फाडणारा माणूस नाही. तरीही वाटा रोजच्या रोज विंचरल्यासारख्या नीट असतात. हे काम नॉर्डिक स्कीइंग असोसिएशन ऑफ अँकरेज ही ना-नफा संघटना करते. १९६० च्या दशकात उभी राहिलेली ही संघटना सभासद, देणगीदार आणि फुकट राबणारे नागरिक यांच्या जोरावर चालते.

स्कीइंग म्हटले की आपल्याकडे गुलमर्गचा उतार, वर नेणारी गोंडोला आणि वेगाने खाली येणारे पर्यटक डोळ्यांपुढे येतात. क्रॉस-कंट्री हा वेगळा प्रकार. त्यात चढही स्वतःच्याच ताकदीने चढायचा, कारण वर ओढून नेणारी दोरी नसते. स्की लांब, अरुंद आणि हलकी असते. बूट फक्त पुढच्या टोकाला अडकवलेला असल्याने टाच मोकळी राहते. पारंपरिक म्हणजे क्लासिक पद्धतीत दोन्ही पाय बर्फात कोरलेल्या दोन समांतर खाचांमधून पुढे सरकतात. मराठीत या खाचांना ‘चाकोरी’ म्हणता येईल, कारण तो शब्द मुळात बैलगाडीच्या चाकांनी पडलेल्या चरांचाच. दुसरी पद्धत स्केटिंगची : खाचा सोडून रुंद सपाट पट्ट्यावर पाय आलटून पालटून तिरपे फेकत जायचे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या बिल कॉकने ती गाजवली. ती इतकी वेगवान ठरली, की जुनी शैली मोडीत निघू नये म्हणून पुढे दोन्ही पद्धतींच्या शर्यती वेगळ्या कराव्या लागल्या.

क्लासिकवाल्यांचा अर्धा जीव मेणात असतो. स्कीचा मधला भाग किंचित कमानदार असतो. पाय दाबला की तो बर्फाला टेकतो आणि तिथले मेण बर्फ धरते. दाब सुटला की स्की पुन्हा घसरते. मेण बर्फाच्या तापमानाप्रमाणे निवडावे लागते. कडक थंडीला हिरवे, त्याहून सौम्य थंडीला निळे, बर्फ वितळायच्या बेतात असताना लाल. निवड चुकली तर चढावर स्की मागे घसरते, नाहीतर तळाला बर्फाचे गोळे चिकटून बसतात.

मेण कितीही अचूक असले, तरी वाट धड नसेल तर उपयोग नाही. नुसते पडलेले बर्फ भुसभुशीत असते. रणगाड्यासारखे पट्टे असलेले पिस्टनबुली नावाचे अवजड यंत्र वाटेवरून फिरवतात. पुढचे पाते उंचवटे कापते आणि खड्डे भरते. मागे रोटाव्हेटरसारखा दातेरी रूळ बर्फ फोडून बारीक करतो, आणि त्यामागची दातेरी फळी ते दाबून त्यावर बारीक उभ्या रेघा उमटवते. स्कीवाले या पृष्ठभागाला ‘कॉर्डरॉय’ म्हणतात. त्या कापडाची पँट ज्यांनी घातली आहे, त्यांना वेगळे वर्णन नको. शेवटी कडेला साचा टेकवून चाकोरी कोरली जाते. अरुंद वाटांवर हेच काम स्नोमशीन म्हणजे बर्फावर धावणाऱ्या छोट्या वाहनाला मागे अवजार जोडून करतात. नुकत्याच ढवळलेल्या बर्फाचे कण एकमेकांना धरून घट्ट व्हायला काही तास जातात. म्हणून यंत्र बहुधा रात्री फिरते. सकाळी पहिला स्कीवाला येतो, तेव्हा चालवणारा घरी जाऊन झोपलेला असतो.

या जमिनीचा पूर्वेतिहास मात्र खेळकर नाही. शीतयुद्धाच्या काळात, १९५९ पासून पुढची वीस वर्षे, इथे अमेरिकी लष्कराचा ‘साइट पॉइंट’ हा नाइकी-हर्क्युलिस क्षेपणास्त्रांचा तळ होता. सोव्हिएत बॉम्बफेकी विमाने आलीच, तर ती शहरापर्यंत पोहोचण्याआधी पाडायची ही योजना. तळ चालू असतानाच, १९७० च्या दशकात, आसपासच्या जंगलात स्कीच्या वाटा निघू लागल्या. १९६० च्या स्क्वॉ व्हॅली ऑलिंपिकमध्ये बायथलॉनमध्ये (स्कीइंग आणि नेमबाजीच्या जोडखेळात) उतरलेले डिक माइझ यांचा त्यात पुढाकार होता; उद्यानातली ‘माइझ लूप’ ही वाट त्यांच्या नावाची आहे. लष्कर गेल्यावर तळाची वास्तू स्कीवाल्यांच्या कामी आली. १९८३ मध्ये इथे विश्वचषक मालिकेतल्या शर्यती झाल्या. पुढे अँकरेजने १९९२ आणि १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी दावाही लावला, पण यजमानपद अनुक्रमे आल्बेरव्हिल आणि लिलेहॅमरला गेले.

जमीन महापालिकेची आणि वाटांची निगा संघटनेची, अशी ही विभागणी आहे. पैसा येतो सभासदांच्या वर्गणीतून, शर्यतींच्या प्रवेशशुल्कातून आणि देणग्यांतून. देणगी देणाऱ्याला एक बिल्ला मिळतो. तो नसला तरी कोणी अडवत नाही. सोबतच्यांच्या जाकिटावर तो दिसतो, एवढाच काय तो तगादा. अलास्कात ना-नफा संस्थांना बिंगोसारखे खेळ चालवण्याचा परवाना मिळतो आणि संघटनेने त्याचाही आधार घेतला आहे. म्हणजे बिंगोच्या टेबलावर हरणारा माणूस नकळत स्कीच्या वाटेला हातभार लावतो.

पैशाने सगळे भागत नाही. बर्फ पडण्याआधी वाटेवर आलेल्या फांद्या छाटाव्या लागतात, वादळात पडलेली झाडे कापून बाजूला सारावी लागतात आणि पाने झाडावी लागतात, कारण काळपट पाने ऊन शोषून बर्फ वितळवतात. शर्यतीच्या दिवशी छातीवरचे क्रमांक वाटायला, वळणावर उभे राहायला आणि वेळ नोंदवायला माणसे लागतात. लहान मुलांच्या ‘ज्युनियर नॉर्डिक’ वर्गांत शिकवणारे बरेचसे पालकच असतात. आपल्याकडच्या इर्जिकेची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. फरक एवढाच, की इर्जिकेला शेताचा एक धनी असतो. इथे राबणारेच वापरणारे, आणि न राबणाऱ्यालाही वाट तितकीच मोकळी.

अडचणी स्थानिक आहेत. २१ डिसेंबरच्या सुमारास अँकरेजला दिवसाचा उजेड जेमतेम साडेपाच तास असतो. मुले शाळेतून आणि माणसे कचेरीतून सुटेपर्यंत अंधार झालेला असतो, म्हणून काही वाटांवर दिवे लावले आहेत. मूस हा बैलापेक्षा मोठा सांबरवर्गीय प्राणी जंगलातल्या खोल बर्फापेक्षा दाबलेल्या वाटेवरून चालणे पसंत करतो. त्याच्या खुरांनी चाकोरी उद्ध्वस्त होते, पण तिथे नियम दाखवायची सोय नाही. स्कीवाल्यानेच थांबून त्याला जाऊ द्यायचे. आणखी मोठी अडचण हवामानाची. समुद्र जवळ असल्याने भर जानेवारीतही बर्फ वितळून पुन्हा गोठते आणि वाट काचेसारखी होते. त्यामुळे उद्यानाच्या एका भागात कृत्रिम बर्फ तयार करण्याची यंत्रणा बसवली गेली आहे.

वर्षाचा मोठा कार्यक्रम म्हणजे मार्चमधली ‘टूर ऑफ अँकरेज’. हिच्या ५० किलोमीटरच्या शर्यतीत स्पर्धक शहराच्या पूर्वेकडच्या डोंगरपायथ्याहून निघून शहर ओलांडत किनकेडला पोहोचतात. अमेरिकी फुटबॉलच्या ‘सुपर बोल’ अंतिम सामन्याच्या रविवारी फक्त महिलांसाठी शर्यत असते. बऱ्याच जणी चित्रविचित्र पोशाख करून येतात, आणि जमलेला निधी घरगुती हिंसेला तोंड देणाऱ्या स्त्रियांना मदत करणाऱ्या संस्थांना जातो. निकालापेक्षा पोशाखांचीच चर्चा अधिक होते.

याच शहराच्या वाटांवर वाढलेल्या किक्कन रँडॉलने जेसी डिगिन्सच्या जोडीने २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये सांघिक स्प्रिंट जिंकली. क्रॉस-कंट्रीत अमेरिकेचे ते पहिले सुवर्ण. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताचे जगदीश सिंग १५ किलोमीटर शर्यतीत उतरले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिनीअ‍ॅपोलिसला झालेली १० किलोमीटरची विश्वचषक शर्यत अँकरेजच्याच गस शूमाकरने जिंकली. तीही एका सार्वजनिक उद्यानात झाली. त्या वर्षी मिनेसोटात नैसर्गिक बर्फ जवळजवळ नव्हतेच, तरी शेकडो स्वयंसेवकांच्या मदतीने कृत्रिम बर्फावर शर्यती पार पडल्या.

अँकरेजला हिवाळ्यात जाणे झालेच, तर किनकेड सगळ्यांना खुले आहे. पायी जाणाऱ्यांनी मात्र स्कीच्या वाटेवर पाऊल टाकू नये. एका बुटाच्या खड्ड्यासाठी रात्री पुन्हा यंत्र फिरवावे लागते.