घरचा राउटर वारंवार बंद पडतो : दोष कोणत्या टप्प्यांत आहे हें कसें ओळखावें ?

आपल्या शेतकरी बंधूंपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां टीव्हीच्या केबलवरूनच इंटरनेट आलें आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सर्वसाधारण लोकांस इंटरनेट खुलें केलें, त्या वेळीं नांगर धरणाऱ्याचा त्याच्याशीं कांहीं संबंध येईल असें कोणासही वाटलें नसेल. आज सात-बाराचा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी, पीक विम्याचा अर्ज, धानाच्या आधारभूत खरेदीची नोंदणी, हीं सारीं कामें त्याच वाटेनें होतात. अशा स्थितींत घरचा राउटर ऐन वेळीं बंद पडला, तर ती केवळ मुलांच्या करमणुकीची खोटी राहत नाहीं. ती शेतीची हानि होते. सबब ह्या विषयाचा अनुभव वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

मी महसूल खात्यांत लिपिक होतों. निवृत्तीनंतर दवनीवाड्यास राहतों आणि गांवकऱ्यांचे अर्ज भरून देतों. मागील वर्षीं पीक विम्याच्या अर्जाचा अखेरचा दिवस होता. रोवणी चालू होती आणि पाऊस सकाळपासून थांबला नव्हता. शेजारची एक विधवा बाई, जिची दोन एकर धानाची जमीन आहे, सेवा केंद्रावरची गर्दी पाहून संध्याकाळीं माझ्याकडे आली. "काकाजी, तुमच्या घरीं नेट आहे ना ? माझा एवढा अर्ज भरून द्या," म्हणाली. सात-बारा चढला, बँकेच्या पासबुकाचें छायाचित्र चढतां चढतां दिवा लाल झाला. मीं यंत्र बंद करून चालू केलें. तें आलें, पुन्हां गेलें. त्या पावसांत मोबाईलचें जाळेंही धड नव्हतें. मध्यरात्र उलटली आणि अर्ज राहिला. पुढें ईश्वरकृपेनें तिचें धान हातीं आलें. परंतु त्या सबंध हंगामांत वैनगंगेचें पाणी चढल्याचें ऐकलें कीं माझ्या पोटांत गोळा उठे. बाईनें मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें.

दुसऱ्या दिवशीं मीं गोंदियास जाऊन नवा राउटर विकत आणला. पुढच्या पावसांत तोही तसाच वागूं लागला. तेव्हां माझी चूक ध्यानांत आली. ज्यानें जन्मभर स्थळपाहणीशिवाय अहवाल पुढें पाठविला नाहीं, त्यानेंच चौकशी न करतां जुन्या राउटरला शिक्षा ठोठावली होती !

पाटाच्या कांठानें वर चालावें

तलावाचें पाणी शेवटच्या बांधींत पोहोंचलें नाहीं, तर शहाणा शेतकरी बांधींत उभा राहून तलावाला दोष देत नाहीं. तो पाटाच्या कांठाकांठानें वर चालत जातो आणि पाणी कोठपर्यंत आहे व कोठून नाहीं तें पाहतो. इंटरनेटचेंही तसेंच आहे. त्याच्या वाटेचे पांच टप्पे पडतात : (१) खांबावरून येणारी केबलवाल्याची तार, (२) खांबापासून घरांत आलेली तार, तिचे जोड व फाटे, (३) मोडेम, म्हणजे तारेवरील सिग्नल समजून घेणारें यंत्र, (४) राउटर, म्हणजे आलेलें इंटरनेट घरांतील निरनिराळ्या यंत्रांस वांटून देणारा, (५) राउटरपासून मोबाईलपर्यंत हवेंतून जाणाऱ्या लहरी, ज्यांस आपण वायफाय म्हणतों. कित्येक घरीं मोडेम व राउटर एकाच डबींत असतात. तरीही त्यांचीं कामें दोन आहेत, हें विसरूं नये.

पहिली कसोटी अशी. राउटर व संगणक एका तारेनें जोडावे, म्हणजे हवेचा टप्पा वगळला जातो. नंतर संगणकाच्या आज्ञा देण्याच्या काळ्या खिडकींत 'पिंग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहून तिच्यापुढें राउटरचा पत्ता द्यावा. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असून डबीच्या तळाशीं छापलेला असतो. तेथून उत्तर आलें म्हणजे ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता द्यावा. (हे आंकडे इंग्रजींतच लिहावे लागतात.) आतां निकाल पाहा. राउटर उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाहीं, तर दोष मोडेममध्यें किंवा तारेंत आहे. तारेनें सर्व ठीक चालतें आणि मोबाईलवर मात्र अडतें, तर दोष हवेच्या टप्प्यांत आहे. बाहेरचा पत्ता उत्तर देतो पण कोणतेंही संकेतस्थळ नांवानें उघडत नाहीं, तर नांवावरून पत्ता सांगणारी सेवा बिघडली आहे. राउटरच्या मांडणींत त्या सेवेसाठीं ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा पत्ता घालून पाहावा. आणि सर्व स्थळें उघडतात, एकच सरकारी स्थळ उघडत नाहीं, तर आपल्या घरांत कांहींच बिघडलेलें नाहीं; अखेरच्या दिवसाची गर्दी तेथें झाली आहे.

वही ठेवावी

जो दोष राहून राहून येतो, तो पाहणारा आला कीं लपतो. म्हणून मीं एक वही घातली. तारीख, वेळ, पाऊस कीं ऊन, वीज कशी होती, कोणता दिवा गेला, किती वेळानें परत आला, एवढेंच तींत लिहावें. दोन आठवड्यांत वहीच बोलूं लागते. पाऊस पडतांच जातें आणि उन्हें पडल्यावर सुधारतें, तर कोठल्या तरी जोडांत पाणी शिरत आहे. भर दुपारीं जातें, तर उष्णता किंवा विजेचा कमी दाब असावा. मोटारपंप सुरू होतांच जातें, तर दाबच कारण आहे. रोज संध्याकाळीं सात ते दहा मंद होतें पण तुटत नाहीं, तर केबलवाल्याच्या तारेवर गिऱ्हाइकांची दाटी आहे. (जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणें सेकंदास किमान २ मेगाबिट उतरल्याशिवाय त्यास ब्रॉडबँड म्हणतां येत नाहीं, हें लक्षांत ठेवावें.) माझ्या वहींत अकरा नोंदी झाल्या, त्यांपैकीं नऊ पावसाच्या होत्या.

तार, जोड आणि फाटे

"टीव्ही तर स्वच्छ दिसतो, मग तार वाईट कशी ?" असें पुष्कळ जण विचारतात. मींही तसेंच म्हणत होतों. परंतु केबलची तार मूळ टीव्हीसाठीं टाकलेली. तिच्यावर चित्र एकाच दिशेनें, म्हणजे आपल्याकडे येत असे. इंटरनेटला मात्र आपल्या घरून उलटही जावें लागतें. तारेवरून असें जाणें-येणें कसें व्हावें, याचे डॉक्सिस नांवाचे नियम १९९७ सालीं प्रथम निघाले. उलट जाणारा हा सिग्नल क्षीण झाला, तरी टीव्ही चांगला दिसतो आणि इंटरनेट मात्र तुटतें. शिवाय एका घरच्या सैल जोडांतून शिरलेला गोंगाट वर जाऊन त्याच तारेवरील शेजाऱ्यांसही बाधतो. एकाच्या धुऱ्याचें भगदाड दहा जणांचें पाणी नेतें, त्यांतलाच हा प्रकार.

तार फाडून दोन टीव्हींस देणारा स्प्लिटर फुकट काम करीत नाहीं. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्यें सुमारें साडेतीन डेसिबेल घट होते, म्हणजे प्रत्येक तोंडास निम्म्याहूनही कमी शक्ति मिळते. मोडेमची तार नेहमीं पहिल्याच फाट्यावरून, आणि शक्य तर फाट्याशिवाय, स्वतंत्र घ्यावी.

कित्येक मोडेमचें माहितीचें पान १९२.१६८.१००.१ ह्या पत्त्यावर उघडतें. न उघडल्यास केबलच्या माणसाकडून पाहून घ्यावें. त्यांत तीन आंकडे महत्त्वाचे आहेत. येणाऱ्या सिग्नलची शक्ति उणे ७ ते अधिक ७ डेसिबेल-मिलिव्होल्ट यांच्या दरम्यान असावी. सिग्नल व गोंगाट यांतील अंतर ३३ डेसिबेलहून अधिक असावें. मोडेम जी शक्ति लावून उलट पाठवितो ती ३५ ते ५० च्या आंत असावी. ती वाढत गेली म्हणजे तो ओरडून बोलत आहे असें समजावें. माझ्या घरीं भर पावसांत हे आंकडे अनुक्रमें उणे १३, २९ आणि ५२ होते. दोन स्प्लिटर काढले, घरांतील गंजलेला कनेक्टर बदलला, तेव्हां ते उणे ७, ३२ आणि ४७ झाले. सुधारणा झाली, पण पुरती नाहीं. अर्थात् उरलेला दोष माझ्या हद्दीबाहेर, खांबाकडे होता.

हें पाहतांना तार जेथें भिंतींतून आंत येते तेथें बाहेरच्या बाजूस तिला खालीं झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच गळून जातें. उंदीर, खार आणि वानरें यांनीं तार कुरतडली किंवा ओढली आहे काय हेंही न्याहाळावें. खांबावर मात्र स्वतः कधींही चढूं नये. केबलच्या शेजारीं विजेची तार असते.

वीज आणि लहरी

राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट व अँपिअर छापलेले असतात. बदली अडॅप्टर घेतांना व्होल्ट तेवढेच असावे. अँपिअर तेवढे किंवा अधिक चालतात, कमी चालत नाहींत. जुना अडॅप्टर आंतून क्षीण झाला म्हणजे दिवे लागलेले दिसतात, पण काम वाढतांच यंत्र आपोआप बंद होऊन चालू होतें. राउटरसाठीं लहान बॅटरीची डबी मिळते. ती लावल्यास विजेच्या झटक्यानें लागलेलें काम तुटत नाहीं. यंत्रावर कापड झांकूं नये. वैशाखांत पत्र्याखालच्या फळीवर तर तें मुळींच ठेवूं नये.

वायफायच्या लहरींस मातीची जाड भिंत, टिनाचा पत्रा, लोखंडी कपाट व धान्यानें भरलेली कोठी हीं सारीं आडवीं येतात. माझा राउटर कपाटामागें होता ! तो घराच्या मध्यावर, पुरुषभर उंचीवर, मोकळा ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, पण त्यांत शेजाऱ्यांची गर्दी असते. तेथें १, ६ व ११ ह्या तीनच वाहिन्या एकमेकींत मिसळत नाहींत, त्यांपैकीं मोकळी निवडावी. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, परंतु भिंतीपुढें थकणाऱ्या. त्याच खोलींत काम करणाऱ्यानें त्या घ्याव्या.

यंत्र बंद करून चालू करणें हा उपाय आहे, निदान नव्हे. तें करतांना प्रथम मोडेम लावावा, दोन मिनिटांनीं राउटर. बारीक भोकांत कांटा दाबून राउटर मूळ स्थितीस नेण्यापूर्वीं केबलवाल्यानें दिलेलें नांव व परवलीचा शब्द वहींत उतरून ठेवावा. नाहींतर चालू असलेलेंही बंद होईल. आणि एका वेळीं एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले, तर गुण कशाचा आला हें कळत नाहीं.

तक्रार कशी करावी

"नेट चालत नाहीं" ह्या तक्रारीस "बंद करून चालू करा" हेंच उत्तर मिळतें. मला तें चार वेळां मिळालें. पांचव्या वेळीं मीं वहींतील नऊ तारखा व पावसांतले आंकडे लिहून दिले, आणि तारेनें जोडूनही तोच दोष दिसतो हें कळविलें. तिसऱ्या दिवशीं माणूस शिडी घेऊन आला. खांबावरच्या जोडाचें रबर फाटून आंत हिरवा गंज चढला होता. जोड बदलला, पुढच्या पावसांत आंकडे पाहिले : उणे ३, ३६, ४३.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांप्रमाणें प्रत्येक तक्रारीस क्रमांक मिळाला पाहिजे. तो मागून घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आंत विनाशुल्क अपील करतां येतें. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हाही उपलब्ध आहे.

आणखी एक सूचना. वादळाचीं चिन्हें दिसतांच राउटरची विजेची पिन आणि केबलची तार दोन्ही काढून ठेवावीं; एकच काढल्यानें यंत्र वांचत नाहीं. पण हें वादळ येण्यापूर्वीं करावें, वीज चमकूं लागल्यावर तारेस हात लावूं नये.

यंदा जुलैंत तीच बाई पुन्हां माझ्या ओसरीवर आली. बाहेर पाऊस तसाच होता. अर्ज अर्ध्या तासांत चढला आणि पावतीचा कागद मीं तिच्या हातीं दिला. मुदतीस आठ दिवस शिल्लक होते. कारण अखेरच्या दिवसावर काम न ठेवणें हाही ह्या दुखण्याचा एक उपचारच आहे, हें मीं आतां शिकलों आहें. वरील रीतीचा उपयोग होऊन एखाद्या बंधूचा व्यर्थ खर्च किंवा चुकलेला अर्ज वांचला, तर हे श्रम सार्थकीं लागले असें मी समजेन.