झाकलेले कोंबडे

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण ज्याने रचली त्याने दिवेलागणीला डालगे पालथे घालणारी बाई नक्की पाहिली असणार. हिंगोली जिल्ह्यात, कयाधूकाठच्या गावांत, हा नेम अजून चालू आहे. चार दाणे टाकायचे, कोंबड्या जमवायच्या, मोजायच्या आणि कोंडायच्या. १ मे १९९९ रोजी हा जिल्हा परभणीतून वेगळा झाला. थंडी मात्र सामाईकच राहिली. मराठवाडा म्हणजे नुसते ऊन, असे समजणाऱ्यांनी पौषात इथे पहाटे उठून पाहावे.

मोठ्या कोंबडीला या थंडीचे फारसे काही वाटत नाही. तिच्या अंगात ४१ अंशांच्या आसपास ऊब असते आणि पिसे फुलवून ती ती राखते. दगावतात ती पिल्ले. अंगावर नुसती लव. पहिल्या आठवड्यात त्यांना भोवती सुमारे ३५ अंश ऊब लागते. गावरान कोंबडी खुडूक बसते, २१ दिवसांनी पिल्ले काढते, पंखाखाली घेते. गिरिराज, वनराजची पिल्ले मात्र आईविना खोक्यातून येतात. मग आईचे काम विजेच्या दिव्याकडे. वीज गेली की पिल्ले एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

लहानपणी एकदा मी शहाणपणा करून खुराड्याची सगळी भोके चिंध्यांनी बुजवली होती. सकाळी दार उघडले तर विष्ठेच्या उग्र वासाने डोळ्यांतून पाणी आले. दोन दिवसांत कोंबड्या शिंकू लागल्या. आजी म्हणाली, ‘‘अरे, वारं अडव, श्वास कशाला अडवतोस?’’ गोणपाट वाऱ्याच्या बाजूला लावायचे, वरची फट उघडी ठेवायची. खाली कोरडे भुसकट, ओले झाले की बदलायचे. संध्याकाळी मूठभर जास्त ज्वारी किंवा मका, सकाळी कोमट पाणी.

हिवाळ्यात अंडी आटतात, त्यात नजरबिजर काही नसते. डिसेंबरअखेरीस इथला दिवस जेमतेम अकरा तासांचा. भरपूर अंड्यांसाठी चौदा तासांहून अधिक उजेड हवा. तेवढ्यावरून चांगली तलंग कापायची घाई करू नये.

खरा घात करते ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिरवट हगवण, धाप, वाकडी मान. चार दिवसांत खुराडे रिकामे. औषध नाही, लस आहे आणि तीही महाग नाही. अडचण निराळीच. कुपीत शंभरेक कोंबड्यांपुरती लस. ती थंड जपावी लागते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. जिच्याकडे दहाच कोंबड्या, ती कुपी कशाला घेईल? आणि मर लागली की उरलेल्या कोंबड्या घाईने आठवडी बाजारात जातात. रोगही त्यांच्याबरोबर जातो. २०२१च्या जानेवारीत शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा सरकारी यंत्रणा धावली. मानमोडीसाठी असे कोणी धावत नाही, पण कोंबडी-अंड्यांचा पैसा बहुधा घरातल्या बाईचा स्वतःचा असतो. वह्या-पेन्सिली, दवाखाना त्यातूनच निघतात.

म्हणून गल्लीतल्या दहा जणींनी मिळून एक कुपी आणावी. तीही दिवाळीआधी, पशुवैद्यकाला अगोदर सांगून आणि भल्या पहाटे, डालगी उचलण्यापूर्वी. एकदा सुटली की गावरान कोंबडी कुणाच्या हाती लागत नाही.