तुटलेल्या स्नायूला विजेची साथ

यंत्रात हात सापडतो, पायावरून गाडी जाते. जखम भरते, टाके निघतात; पण हातापायात पूर्वीची ताकद येत नाही. जखम बरी झाली, मग काम का होत नाही, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो.

स्नायूंच्या तंतूंना चिकटून काही राखीव पेशी असतात. 1961 साली अलेक्झांडर मौरो यांनी त्या बेडकाच्या स्नायूत प्रथम दाखवल्या. लहानसहान इजा झाली की या पेशी जाग्या होतात आणि नवे तंतू तयार करतात. पण स्नायूचा मोठा तुकडाच गेला तर त्यांचा इलाज चालत नाही. मोकळी जागा व्रणाच्या कडक गाठीने भरते. ही गाठ आकुंचन पावत नाही, म्हणून ताकदही देत नाही.

दुसरी अडचण विजेची. स्नायू विजेच्या इशाऱ्यावर चालतो, हे इटलीतील गॅल्व्हानी यांनी 1791 साली बेडकाच्या पायांवरील प्रयोगांतून मांडले. स्नायूतंतूच्या आत आणि बाहेर सुमारे 90 मिलिव्होल्टचा फरक असतो. घड्याळाचा सेल दीड व्होल्टचा, म्हणजे हा त्याच्या साधारण सतराव्या भागाएवढा. मज्जातंतूचा इशारा आला की हा फरक क्षणात बदलतो आणि स्नायू आखडतो. व्रणाच्या गाठीतून हा इशारा नीट पुढे जात नाही.

म्हणून शास्त्रज्ञ त्या मोकळ्या जागेत वीज वाहू देणारे जेल किंवा बारीक धाग्यांची जाळी बसवून पाहत आहेत. नव्या पेशींना त्यावर आधार मिळतो आणि इशाराही पुढे जातो. त्यासाठी सोन्याचे अतिसूक्ष्म कण, कार्बन किंवा वीजवाहक प्लास्टिक वापरतात. अशा प्लास्टिकच्या शोधाला 2000 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. काही पदार्थ तर दाब पडला की स्वतःच वीज तयार करतात, जसे गॅस पेटवायच्या लायटरमधले. 2023 साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी सोन्याचे कण असलेले जेल जखमी उंदरांच्या पायात सोडले. यंत्राचा आधार देताच ते उंदीर चालू लागले.

पण माणसाचा स्नायू उंदरापेक्षा कितीतरी मोठा. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूही पोचायला हवेत, आणि आत राहिलेल्या पदार्थाने अपाय होता कामा नये. म्हणून हा अजून दवाखान्यात मिळणारा उपचार नाही. "विजेने स्नायू वाढवतो" म्हणून कोणी पट्टा किंवा इंजेक्शन विकत असेल तर पैसे देऊ नका. संशोधनात सहभागी व्हा असे कोणी सांगितले, तर संमतिपत्र मराठीत मागा, घरच्यांसोबत वाचा आणि समजल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका.

आज आपल्या हातात काय आहे? हात किंवा पाय चिरडल्यावर दुखणे वाढत गेले, भाग दगडासारखा ताठ झाला, बोटे बधिर झाली, तर मालीश करू नका, आवळून बांधू नका. तडक सरकारी रुग्णालय गाठा. आत वाढलेला दाब काही तासांतच स्नायू मारतो. पुढे फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम रोज करा. मजुरी बुडते म्हणून तो अर्धवट सोडू नका. उरलेल्या स्नायूची ताकद त्यानेच वाढते.