उजेड आपला, आवाज शेजाऱ्यांचा?

मुलांनो, वादळी पाऊस सुरू झाला, की वैनगंगेकाठच्या आमच्या कारध्यात आरोळी उठते, "लाईन गेली रे!" मग एखाद्या घरी जनरेटर फटफटू लागतो. उजेड त्या घरातच राहतो. पण तीन गोष्टी कुंपण ओलांडून बाहेर जातात.

पहिली, आवाज. २००० सालच्या नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. दहा डेसिबल वाढले, की आवाजाची तीव्रता दसपट होते बरं का! मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं, तर आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणून जनरेटर कुणाच्याही खिडकीपासून लांब ठेवावा.

दुसरी, धूर. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो रक्तात शिरून ऑक्सिजनची जागा घेतो. म्हणून बंद खोलीत जनरेटर कधीच लावू नये. झोपेतच जीव जाऊ शकतो.

तिसरी, वीज! चेंजओव्हर स्विच नसेल, तर ती उलटी तारांवर जाते. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवतो. खांबावरच्या वायरमनकाकांना मात्र वाटतं, लाईन बंद आहे!

तेव्हा आजच बाबांना विचारा, "आपल्याकडे चेंजओव्हर आहे ना?" शेजारच्या ताईची परीक्षा असेल, तर तिला अभ्यासाला आपल्या घरी बोलवा. आणि रात्रीचे दहा वाजले, की जनरेटर बंद. टॉर्च आहेच की!