आधी जपा, मग कापा!

मोबाइलमध्ये शेकडो क्लिप्स पडून आहेत, पण कुणाला दाखवावा असा एकही धड व्हिडिओ नाही? मग या वीकेण्डला एडिटिंग शिकाच. सोपं आहे. फक्त मी घातला तसा घोळ घालू नका.

बाबांचा निरोप समारंभ होता. ऑफिसचा हॉल, शाल-श्रीफळ, बटाटेवडा आणि पेढा. एरवी दोन वाक्यांच्या वर न बोलणारे आमचे बाबा त्या दिवशी माइक हातात घेऊन चक्क सहा मिनिटं बोलले. तेहतीस वर्षं पहाटे उठून डबा करून देणाऱ्या आईबद्दलही बोलले. आई पहिल्या रांगेत बसून पदराने डोळे पुसत होती. मी, बहीण, आत्याचा मुलगा, सगळ्यांनी मोबाइल उंचावून शूट केलं. घरी येऊन मोजल्या तर ४७ क्लिप्स!

‘मी मस्त फिल्म बनवतो,’ असं जाहीर करून टाकलं. एडिटिंगचा अनुभव? शून्य. एक फ्री सॉफ्टवेअर डाउनलोड केलं आणि शनिवार-रविवार खपलो. चार मिनिटांची फिल्म तयार! फोटो गरगर फिरत येतायत, चांदण्या उडतायत, मागे दणदणीत गाणं. आणि बाबांचं भाषण? वीस सेकंद, तेही म्यूट. तरी घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. फोन फुल्ल झाला होता, लॅपटॉपही. म्हणून मूळ क्लिप्स उडवून टाकल्या. बाकीच्यांनीही मला पाठवून आपापले फोन रिकामे केले होते. प्रोजेक्ट सेव्ह केलाय की, मग काळजी कसली?

चार महिन्यांनी आई म्हणाली, ‘अरे, ते डब्याचं बोलले होते ना, तेवढं लाव जरा.’ मी ऐटीत प्रोजेक्ट उघडला. समोर लालभडक स्क्रीन आणि दोन शब्द : मीडिया ऑफलाइन.

प्रोजेक्ट म्हणजे व्हिडिओ नव्हे

नवशिक्यांची ही सगळ्यात मोठी गैरसमजूत. तुम्ही सेव्ह करता त्या प्रोजेक्ट फाइलमध्ये सहसा व्हिडिओ नसतोच. त्यात असतात फक्त सूचना. अमुक फाइलचा तिसऱ्या सेकंदापासून आठव्या सेकंदापर्यंतचा तुकडा घे, त्याला तमुक तुकडा जोड, वर हे गाणं लाव. म्हणजे ती झाली पाककृतीची वही. सामान फळीवरच असतं. फळी रिकामी केलीत तर वही चाटून पोट भरत नाही!

याची चांगली बाजूही आहे. सॉफ्टवेअर मूळ क्लिपला हात लावत नाही. तुम्ही टाइमलाइनवर कितीही कापाकापी करा, मूळ फाइल जशीच्या तशी राहते. त्यामुळे बिनधास्त प्रयोग करा. फक्त सुरुवात करण्याआधी दहा मिनिटं काढून एवढं कराच :

* एक फोल्डर बनवा. त्यात व्हिडिओ, आवाज, फोटो आणि प्रोजेक्ट असे चार उपफोल्डर. काम सुरू झाल्यावर फाइल्सची जागा आणि नावं बदलू नका.

* सगळ्याची दुसरी कॉपी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवा. फोर-के व्हिडिओचं एक मिनिट दीड-दोनशे एमबी सहज खातं, तेव्हा जागेचा अंदाज आधीच घ्या.

* मित्रांकडून क्लिप्स मागवताना व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ म्हणून नका मागवू, तो दाबून लहान केला जातो. ‘डॉक्युमेण्ट’ म्हणून पाठवायला सांगा. मूळ दर्जा टिकतो आणि २ जीबीपर्यंतची फाइल जाते.

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो, खरं तर तो तितका महत्त्वाचा नाही. कापणं, जोडणं, आवाज कमी-जास्त करणं, अक्षरं टाकणं ही चार कामं सगळीच सॉफ्टवेअर्स करतात.

जुन्या मंडळींना विण्डोज मूव्ही मेकर आठवत असेल. २००० साली आलेला हा गडी २०१७ मध्ये रिटायर झाला. आता विण्डोज ११ मध्ये क्लिपचॅम्प असतं. मायक्रोसॉफ्टने ही कंपनी २०२१ मध्ये विकत घेतली. फुकट आवृत्तीतही वॉटरमार्कशिवाय १०८०पी व्हिडिओ मिळतो. अॅपलवाल्यांकडे आयमूव्ही आहेच. लॅपटॉप बेताचा असेल तर शॉटकट हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर करून बघा. आणि हौस वाढली तर दा व्हिन्ची रिझॉल्व्ह. सिनेमाचे रंग सुधारण्यासाठी नावाजलेलं हे सॉफ्टवेअर, पण त्याची मोफत आवृत्ती नवशिक्याला कित्येक वर्षं पुरेल. मात्र १६ जीबी रॅम असेल तर बरं, नाहीतर लॅपटॉपचा पंखा विमानासारखा गरजतो.

आणि हो, ऑफिसच्या लॅपटॉपवर हे उद्योग नकोत. आयटीवाल्यांचा फोन येईल!

कात्री चालवायची कशी?

एडिटिंग म्हणजे इफेक्ट्स, हा माझा दुसरा गैरसमज. एडिटिंग म्हणजे वेळ कापणं. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, पैसे उभे करण्यासाठी एक छोटी फिल्म केली होती : ‘अंकुराची वाढ’. मटार रुजून वाढायला किती दिवस लागतात? फाळक्यांनी ते सगळे दिवस अगदी थोडक्यात दाखवले. कंटाळवाणा वेळ वगळला, गंमत उरली. आपल्यालाही तेच करायचंय.

वगळण्याची भीती वाटते? ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) या सिनेमाचे एक एडिटर वॉल्टर मर्च यांनी ‘इन द ब्लिंक ऑफ अॅन आय’ या पुस्तकात हिशेब मांडलाय. पडद्यावरच्या दर एका मिनिटामागे तब्बल ९५ मिनिटांचं शूटिंग बाहेर राहिलं! आणि कट कुठे करायचा याच्या सहा निकषांमध्ये त्यांनी भावनेला एकटीला ५१ टक्के दिलेत. बाकीच्या पाचांना मिळून उरलेले ४९. चांदण्यांना त्यात एकही टक्का नाही.

तर क्रम असा ठेवा. आधी सगळ्या क्लिप्स एकदा शांतपणे बघा. हसू आलं, घशाशी आलं, अशी ठिकाणं वहीत लिहून ठेवा. फक्त तेवढेच तुकडे टाइमलाइनवर आणा आणि गोष्टीच्या क्रमाने लावा. मग प्रत्येकाचं डोकं आणि शेपूट छाटा. बहुतेक सॉफ्टवेअर्समध्ये स्पेस बारने व्हिडिओ चालू-बंद होतो, जे-के-एल या तीन बटणांनी मागे, थांब, पुढे असं जाता येतं. चुकलं तर कण्ट्रोल-झेड. दोन क्लिप्सच्या मध्ये साधा कट. शंभरातल्या पंचाण्णव वेळा तोच बरा दिसतो.

आवाजाकडे बघा

चित्र थोडं हललेलं लोक चालवून घेतात, पण न कळणारा आवाज कुणीच सहन करत नाही. माणूस बोलत असेल तेव्हा गाणं एकदम खाली घ्या.

एक सोपी युक्ती सांगतो, तिला एल-कट म्हणतात. बोलणाऱ्याचा आवाज चालू ठेवायचा आणि चित्र मात्र ऐकणाऱ्याचं दाखवायचं. आवाज बाबांचा, चेहरा आईचा. बस्स, एवढ्याने घरगुती क्लिपची गोष्ट होते.

व्हिडिओ सोशल मीडियावर टाकणार असाल तर सिनेमातलं गाणं लावण्याआधी विचार करा. कॉपीराइटवरून व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळतं. मराठी अक्षरं टाकताना जोडाक्षरं फुटतायत का तेही तपासा. फुटली तर दुसरा फॉण्ट वापरा. मुक्त किंवा बलू हे दोन्ही फुकट मिळतात. तरीही जमलं नाही तर शीर्षक फोटोसारखं बनवून वर ठेवा. शेवटी एक्स्पोर्ट : एमपी-फोर, एच २६४, १०८०पी. हे तीन शब्द लक्षात ठेवलेत तर व्हिडिओ जवळपास कुठेही चालेल.

आता त्या लाल स्क्रीनचं काय झालं? आठवडाभर मी बाबांच्या ऑफिसातल्या प्रत्येकाला फोन केला. शेवटी एका काकांकडे दोन मिनिटांची क्लिप सापडली. मागच्या रांगेतून काढलेली, पंख्याची घरघर, अर्ध्या फ्रेममध्ये कुणाचं तरी टक्कल. पण बाबांचा आवाज स्वच्छ होता. डब्याचा विषय निघतो आणि ऐन मोक्याला, वाक्याच्या मध्येच, क्लिप संपते.

या वेळी मी एकही इफेक्ट लावला नाही. बाबांचा आवाज, आणि त्यावर बहिणीच्या फोनमध्ये उरलेला आईचा एकच फोटो. एडिटिंगला लागली वीस मिनिटं. आईने तो व्हिडिओ तीनदा लावला. मग म्हणाली, ‘पुढे काय म्हणाला होतात हो?’

बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘आता काय आठवतंय!’

त्यांना खरंच आठवत नाही. आमच्यापैकी कुणालाच शब्दन् शब्द आठवत नाही.

तेव्हा मंडळी, सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पण त्याआधी एक हार्ड डिस्क घ्या. फोनमधल्या क्लिप्स आज रात्रीच तिच्यात टाका. कात्री काय, उद्याही चालवता येते!