सुकटीच्या पोटात काय असते?

सुकट माहीत नाही असे घर आपल्या वाचकांत सापडणे कठीण. घाटावरच्या आठवडी बाजारात मीठ-मिरचीच्या शेजारी तिचा ढीग असतो. हातात पैसा कमी असला की मूठभर सुकट वांग्यात टाकली किंवा तव्यावर कांद्याबरोबर परतली, की भाकरीची सोय होते. तिच्या वासाने नाके मुरडणारेही आहेत, पण त्यांच्याशी वाद घालण्याचे येथे कारण नाही. ही सुकट जिवंतपणी कोण होती, ती काय खात होती आणि तिला कोण खात होते, एवढेच आज पाहू.

सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. शास्त्रज्ञ त्याला असेटिस इंडिकस म्हणतात. कोळंबी, चिंबोरी, शेवंड यांच्याच कवचधारी कुळातला हा धाकटा भाऊ, लांबीने दीड ते चार सेंटिमीटर. पाण्यात तो काचेसारखा पारदर्शक असतो. सुकटीत आपल्याला जे काळे ठिपके दिसतात, ते त्याचे डोळे होत. महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर, खाड्यांच्या तोंडाशी, त्याचे थवेच्या थवे फिरतात.

त्याचे जेवण साधे असते. समुद्राच्या पाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती तरंगत असतात. त्यांतल्या काही तर काचेच्या डबीसारख्या कवचात राहतात. जमिनीवर गवत जे काम करते, तेच पाण्यात या वनस्पती करतात : उन्हातून अन्न तयार करतात. जवळा त्या खातो, पाण्यातला कुजका गाळ खातो आणि आपल्याहून बारीक कवचधारी जीवही खातो.

या बारीक जिवांत कोपेपॉड मुख्य. बहुतेकांची लांबी एक-दोन मिलिमीटरसुद्धा नसते, पण समुद्रातल्या प्राण्यांची मोजदाद केली तर यांच्या संख्येशी स्पर्धा करणारे फार थोडे निघतील. त्यांच्या खाण्याची रीत मोठी मजेची आहे. पूर्वी समज असा होता की ते पायांवरच्या केसांनी पीठ चाळावे तसे पाणी चाळतात. कोहल आणि स्ट्रिकलर या शास्त्रज्ञांनी अतिवेगाने चित्रण करून १९८१ साली दाखवून दिले की तसे नाही. एवढ्या लहान जिवाला पाणी आपल्यासारखे पातळ लागत नाही, ते त्याला काकवीसारखे घट्ट वाटते. काकवी चाळणीतून गाळून पाहा, म्हणजे अडचण कळेल! म्हणून कोपेपॉड पाय हलवून पाण्याचा संथ ओघ आपल्याकडे वळवतो आणि त्यात खाण्याजोगा कण आला की भोवतालच्या पाण्यासकट तो कवेत घेतो. नको असेल तर सोडूनही देतो. डोक्यात मेंदू म्हणावा असे फारसे काही नाही, पण निवड मात्र करतो.

आता जवळ्याला खाणारे. त्यांत पहिला मान बोंबलाचा. बोंबील दिसायला मऊ असला तरी त्याचे तोंड मोठे आणि दात आत वळलेले असतात. बोंबलाचे पोट चिरून पाहिले की त्यात जवळा हमखास सापडतो. कधी कधी लहान बोंबीलही सापडतात, कारण हा मासा स्वतःच्या जातीलाही सोडत नाही. मांदेली, वाकटी आणि मोठी कोळंबी हेही जवळ्यावर पोसतात. म्हणजे आपल्या चुलीवर एका दिवशी खाणारा शिजतो आणि दुसऱ्या दिवशी खाल्ला जाणारा. उलटेही घडते. काही कवचधारी माशांची अंडी आणि नुकती जन्मलेली पिल्ले फस्त करतात. समुद्रात कोण कोणाला खाईल, हे बरेचदा वयावर ठरते.

या व्यवहारात तूट मात्र जबरदस्त असते. खाल्लेल्यापैकी बहुतेक भाग चलनवलनात व श्वासात खर्च होतो. ढोबळमानाने दहातला एकच हिस्सा अंगाला लागून पुढच्या पायरीवर पोचतो. हजार किलो वनस्पतींतून शंभर किलो बारीक जीव, त्यातून दहा किलो जवळा आणि त्यातून एक किलो बोंबील. जवळा अधूनमधून थेट वनस्पतीच खातो, त्यामुळे मधली एक तूट वाचते. तो एवढा विपुल असण्याचे हे एक कारण.

दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रात हेच काम क्रिल करतो. तो सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याच्यावर पेंग्विन, सील व देवमासे जगतात. हिवाळ्यात अन्न आटले की क्रिल उपाशी राहतो आणि कात टाकताना आकाराने लहानही होतो. विसाव्या शतकात दक्षिणेकडच्या समुद्रांत वीस लाखांवर देवमासे मारले गेले. खाणारा गेला म्हणजे क्रिल वाढेल, असा हिशेब होता. तशी भरभराट काही दिसली नाही. देवमाशांच्या विष्ठेतून पाण्याला लोह मिळते व त्यावर वनस्पती वाढतात, खाणाऱ्याबरोबर ते खतही गेले, असे काही शास्त्रज्ञ मांडतात.

आपल्याकडे जवळा धरतात तो डोल जाळ्याने. वर्सोवा, अर्नाळा, वसई येथील कोळी बांधव पिशवीसारखे हे लांब जाळे भर पाण्यात एका जागी बांधतात आणि भरती-ओहोटीचा ओघच मासळी आत लोटतो. उधाणाला ओढ जास्त म्हणून मासळी जास्त, भांगाला कमी. तेल जाळून जाळे ओढत फिरावे लागत नाही, हा त्याचा गुण. पण जवळा अडकावा म्हणून जाळ्याच्या शेपटाची आस फार बारीक ठेवावी लागते आणि त्या बारीक आसेतून माशांची पिल्लेही सुटत नाहीत. ज्या बोंबलाने हा जवळा खाऊन वीतभर व्हायचे, तो बोटाएवढा असतानाच जवळ्याबरोबर ओट्यावर वाळतो. त्यातच सुकटीचा काही भाग माणसाच्या ताटात न येता कोंबड्यांच्या खाद्यात जातो. कोंबडीमार्गे फिरून आलेले अन्न गरिबाला महाग पडते आणि वाटेत पुन्हा वर सांगितलेली तूट येतेच. आम्हाला हा व्यवहार पटत नाही. कोळणीला दोन पैसे जास्त देणारा व्यापारी कोंबडीवाला असेल, तर दोष तिचा नव्हे, हेही खरे.

येत्या बाजारी सुकट आणल्यावर सुपात पसरून, पोरांना जवळ बसवून निवडा. काळ्या डोळ्यांच्या जवळ्यात बोटाच्या पेराएवढ्या मांदेल्या, दोऱ्यासारखे बोंबील, नखाएवढ्या चिंबोऱ्या निघतील. आजवर आपण त्या कचरा म्हणून खड्यांबरोबर बाजूला टाकत आलो.