गांजा सोडणारा मेंदू

नारायणगावहून खोडदकडे निघालं की शेतांच्या पलीकडे महाकाय तबकड्या दिसू लागतात. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अशा ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संदेश टिपतात. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला गांजाचं व्यसन समजून घ्यायला हा दाखला घरचाच आहे. आपल्या मेंदूतही असेच संदेश झेलणारे असंख्य सूक्ष्म ग्राही असतात.

१९६४ मध्ये इस्राएलमध्ये राफाएल मेकूलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातला नशा आणणारा रेणू, टीएचसी, शुद्ध रूपात वेगळा केला. तो मेंदूतल्या कोणत्या ग्राहींवर जाऊन बसतो हे कळायला १९८८ उजाडलं. पण एका झाडाच्या रसायनासाठी आपल्या मेंदूत जागा राखलेली का असावी? याचं उत्तर १९९२ मध्ये मिळालं. त्याच ग्राहींना संदेश देणारा आनंदामाइड हा रेणू आपलं शरीर स्वतःच बनवतं! भूक, झोप, आठवण, भीती यांचा तोल राखायला त्याची किंचितशी मात्रा पुरते.

रोज चिलीम ओढणाऱ्याच्या डोक्यात मात्र टीएचसीचा अखंड गोंगाट सुरू होतो. मेंदू स्वतःला वाचवतो, ग्राही कमी करतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या बाह्य भागात हे ग्राही सुमारे २० टक्के कमी आढळले. म्हणून तीच पुडी पुरेनाशी होते.

याच अभ्यासातली पुढची गोष्ट विलक्षण आहे. सुमारे चार आठवडे गांजा बंद राहिल्यावर मेंदूच्या बहुतेक भागांत ग्राही पुन्हा वाढले. ना शस्त्रक्रिया, ना गोळी. मेंदूने आपली दुरुस्ती आपणच केली.

मधले दिवस कठीण असतात. एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, झोप उडते, जेवण जात नाही, विचित्र स्वप्नं पडतात. पहिल्या आठवड्यात हा त्रास शिगेला पोचतो, मग हळूहळू ओसरतो. ‘सोडल्यापासून हा जास्तच बिघडला,’ असं घरच्यांना वाटतं, तेव्हा खरं तर आत सावरणं सुरू झालेलं असतं. मात्र भास होत असतील, टोकाचा संशय येत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं.

ग्राही सावरले तरी संध्याकाळची वेळ, तो कट्टा, ते मित्र तलफ जागी करतात. गांजाच्या व्यसनावर हमखास औषध अजून नाही. समुपदेशन, तलफ ओळखून ती टाळण्याचा सराव आणि घरच्यांची साथ हाच उपचाराचा कणा. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हीच वाट चालत आलं. तिथे दाखल झालेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात आणि त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामील करून घेतात. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. अल्प प्रमाणाच्या प्रकरणात सरकारमान्य ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देतं. १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी मोफत आहे.

पुन्हा घसरण झाली, तरी आधीचे कष्ट वाया गेले असं समजू नये. कुठल्या क्षणी तोल गेला हे शोधून उपचार पुढे न्यायचे. मेंदू सावरायला तयार असतो. त्याला तेवढे आठवडे मिळवून देणं आपल्या सगळ्यांच्या हातात आहे.